ज्यांना त्या संघातून निघायचंच होतं

अमेरिकी बेसबॉलच्या मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवर, मुक्कामाला कुणी येत नाही. सिंगल-एच्या संघात दाखल झालेल्या पोराचा डोळा डबल-एवर, डबल-एवाल्याचा ट्रिपल-एवर आणि ट्रिपल-एवाल्याचा थेट मेजर लीगवर. शेजारच्या लॉकरवाल्याने होमरन (चेंडू कुंपणापार धाडणारा फटका) मारला की हा टाळ्या वाजवतो, पण डोक्यात हिशेब चालूच असतो: दोघंही शॉर्टस्टॉप, म्हणजे मैदानावरच्या एकाच जागेचे, वर जागा एक. संघ जिंकला काय नि हरला काय, प्रत्येकाचं प्रगतिपुस्तक वेगळं. भर हंगामात संघ सोडून वर जायला मिळणं, हेच तिथलं मोठं यश. आणि ज्यातून सुटण्यासाठी प्रत्येक जण धडपडत होता, त्याच संघाच्या नावाने तीस-चाळीस वर्षांनी मेळावे भरतात. टकलं पडलेले, गुडघे बदललेले लोक दोन-दोन विमानं बदलून येतात.

आपल्या वाचकासाठी थोडा खुलासा. मायनर लीग म्हणजे अमेरिकेची रणजी, असं सांगून मोकळं होता येत नाही. इथला खेळाडू ज्या गावाचं नाव छातीवर लावून खेळतो त्या गावाचा तर नसतोच, बहुतेकदा त्या संघाचाही नसतो. त्याचा करार मेजर लीगच्या क्लबशी असतो. तो क्लब त्याला वाटेल तेव्हा वर नेतो, खाली पाठवतो, दुसऱ्या क्लबला देऊन टाकतो किंवा सरळ नारळ देतो. ही पद्धत सेंट लुईस कार्डिनल्सच्या ब्रँच रिकी यांनी १९२० आणि ३०च्या दशकांत पक्की केली. १९४९ साली अमेरिकेत आणि आसपास अशा ५९ लीग चालू होत्या. मग घरोघरी टीव्ही आला, गावातली माणसं संध्याकाळी मैदानाकडे फिरकेनाशी झाली आणि लीगमागून लीग बंद पडल्या. १९६३मध्ये बी, सी आणि डी हे खालचे वर्ग मोडीत निघाले. अलीकडचा घाव २०२१चा. मेजर लीगने आपल्याशी जोडलेले संघ १६०वरून १२०वर आणले. १९३९पासून चालत आलेली न्यूयॉर्क-पेन लीग त्यात संपली. त्यामुळे यापुढचे बरेच मेळावे अस्तित्वातच नसलेल्या संघांचे असणार. यजमान क्लब नाही, कार्यालय नाही, कधीकधी मैदानही नाही.

या सगळ्याला एक मोठा अपवाद होता. १९५८मध्ये डॉजर्स आणि जायंट्स हे मेजर लीगचे क्लब कॅलिफोर्नियात येईपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर मेजर लीग नव्हतीच. तिथली पॅसिफिक कोस्ट लीग स्वतःच्या तोऱ्यात चालायची. हवा चांगली, त्यामुळे हंगाम लांब. एकेकाळी वर्षाला २००च्या आसपास सामने व्हायचे. पगारही बरा, म्हणून काही खेळाडू वर जाण्यापेक्षा तिथेच रमले. लॉस एंजेलिस एंजल्स, हॉलिवूड स्टार्स, सॅन फ्रान्सिस्को सील्स, ओकलंड ओक्स ही नावं त्या गावांतल्या जुन्या माणसांना अजून तोंडपाठ आहेत. सील्स स्टेडियम १९५९मध्ये पाडलं, स्टार्सच्या गिलमोर फील्डच्या जागी सीबीएसचा स्टुडिओ आला. पण या लीगची हिस्टॉरिकल सोसायटी वर्षानुवर्षं जुन्या खेळाडूंचे मेळावे भरवत राहिली. ते सोपं गेलं, कारण तिथे माणसं एकाच संघात चार-चार हंगाम टिकायची. त्यांची एकमेकांशी खरंच ओळख होती. बाकी ठिकाणी मेळावा भरवणाऱ्याला आधी संघच जमवावा लागतो.

कारण संघ म्हणजे नक्की कोण, हा पहिला प्रश्न. मैदानावर एका वेळी वीस-पंचवीस जणांचा संघ असला, तरी एप्रिल ते सप्टेंबर या काळात त्यातून चाळीस-पंचेचाळीस माणसं सहज येऊन जातात. कुणी पाच महिने, कुणी अकरा दिवस. एप्रिलमधला कॅचर (चेंडू झेलणारा) आणि ऑगस्टमधला पिचर (चेंडू टाकणारा) यांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसतं. एसटीत कुणी नगरला चढतो, कुणी शिरूरला उतरतो, तसला हा संघ. नवखे संयोजक इथेच फसतात. हाताशी संघाचा फोटो असतो. त्यातली तेवीस तोंडं म्हणजे संघ असं धरून ते कामाला लागतात. फोटो हंगामात एकदाच काढलेला. त्याच्या आदल्या दिवशी ज्याला काढलं तो त्यात नाही, नंतर आला तोही नाही. फोटोवरून यादी केली की निम्मा संघ गळतो. आणि गळतात ते नेमके सोडून दिलेले, ज्यांना ‘आपण त्यातले होतो का?’ ही शंका आधीपासूनच छळत असते.

यादीची खरी सुरुवात बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळाच्या संघ-पानावरून करावी. अमुक वर्षी अमुक संघाकडून एकदा जरी मैदानात उतरला असेल, तर माणूस तिथे सापडतो. सेबर या संशोधकांच्या संस्थेच्या मंडळींनी जुने स्कोअर पिंजून त्या नोंदी भरल्या आहेत. पण जो संघाबरोबर तीन आठवडे बसने फिरला आणि एकदाही खेळला नाही, तो तिथे नसतो. त्याच्यासाठी गावच्या वाचनालयातली वर्तमानपत्रांची मायक्रोफिल्म. सामन्याची बातमी सोडून खालच्या दोन ओळींच्या चौकटी वाचायच्या, ‘क्लबने अमक्याला करारबद्ध केले, तमक्याला मुक्त केले’. स्पोर्टिंग न्यूज या साप्ताहिकाने खेळाडूंच्या करारांची कार्डं ठेवली होती. लॉस एंजेलिसच्या एलए८४ फाउंडेशनने ती ऑनलाइन आणली आहेत. एका कार्डावर एका माणसाची सगळी वाट दिसते: कुठून आला, कधी खाली पाठवला, कधी सोडला. जुन्या मंडळींसाठी ही कार्डं फार उपयोगी.

नावं हा पुढचा घोळ. डॉमिनिकन आणि व्हेनेझुएलाच्या खेळाडूंना वडिलांचं आणि आईचं अशी दोन आडनावं असतात. अमेरिकन स्कोअररने त्यातलं कुठलं लिहिलं, हे त्याच्या त्या दिवशीच्या मर्जीवर. काहींनी वय कमी दाखवण्यासाठी दुसऱ्याच नावाने करार केलेले. स्त्रियांच्या बाबतीत हे आणखी अवघड गेलं. १९४३ ते ५४ या काळात चाललेली ऑल-अमेरिकन गर्ल्स लीग म्हणजे काही मायनर लीग नव्हे, पण विखुरलेली माणसं गोळा कशी करावीत ते तिच्याकडून शिकावं. लग्नानंतर बहुतेकींची आडनावं बदललेली. तरी जून पेपास या माजी खेळाडूने १९८०मध्ये मैत्रिणींच्या मदतीने एक वार्तापत्र सुरू केलं. एकीच्या ओळखीने दुसरी सापडत गेली आणि १९८२मध्ये शिकागोत पहिला मेळावा भरला. म्हणजे आधी दोन वर्षं नुसती पत्रापत्री, मग मेळावा. घाईघाईने सहा महिन्यांत उरकलेल्या मेळाव्यात फक्त आधीपासून संपर्कात असलेलेच येतात. त्यांना मेळाव्याची गरज सर्वांत कमी.

पत्ते सापडल्यावर छापील पत्र टपालाने पाठवावं, ईमेल नंतर. त्यातही एक गोम आहे. सह्या जमवणाऱ्या शौकिनांकडे जुन्या खेळाडूंच्या पत्त्यांच्या याद्या असतात आणि मेजर लीगचं तोंडही न पाहिलेल्या माणसालाही ‘कृपया या कार्डावर सही करा’ म्हणून पत्रं येत राहतात. तुमचं पाकीट त्याच ढिगात पडतं. म्हणून पाकिटावर संघाचं नाव, वर्ष आणि ‘सहकाऱ्यांचा मेळावा’ हे हाताने, ठळक लिहावं. आत तिकीट लावलेलं उत्तराचं कार्ड आणि सध्याची पूर्ण यादी ठेवावी, पत्ते न देता, फक्त नावं. यादीत पाच जणांपुढे ‘सापडले नाहीत’ असं लिहिलेलं दिसलं की माणूस फोन उचलतो. ‘अरे, हा तर माझ्या मेहुण्याच्या गावात असतो!’ एवढं एक वाक्य चार महिन्यांची शोधाशोध वाचवतं.

वारलेल्यांची यादी मात्र दोन ठिकाणी ताडून पाहिल्याशिवाय कुणालाही दाखवू नये. सारख्या नावाच्या माणसाची मृत्युवार्ता सापडते आणि जिवंत कॅचर श्रद्धांजलीत वाचला जातो. मृत्युलेखात बेसबॉलचा उल्लेख असणं पुरेसं नाही. जन्मतारीख जुळली पाहिजे. उलट चूक आणखी बोचते, गेलेल्या माणसाच्या नावाने आग्रहाचं निमंत्रण जातं आणि ते त्याची बायको उघडते.

परदेशी खेळाडूंची पत्रं सगळ्यांच्या आधी, निदान वर्षभर आधी पाठवावीत. अमेरिकेच्या व्हिजाच्या मुलाखतीची तारीख कशी मिळते, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. व्हेनेझुएलाच्या माणसाला तर कराकसमधला अमेरिकी दूतावास २०१९मध्ये बंद झाल्यापासून व्हिजासाठी बोगोटाच्या खेपा घालाव्या लागल्या. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघं भालाफेकपटू २००८मध्ये एका टीव्ही स्पर्धेतून पुढे आले, पिट्सबर्ग पायरट्सने त्यांना घेतलं आणि २००९मध्ये ते फ्लोरिडात गल्फ कोस्ट लीगमध्ये खेळले. उद्या त्या संघाचा मेळावा ठरला तर पत्रं भारतापर्यंत जायला हवीत.

आता तारीख. इथे दोन्हीकडून अडचण. माजी खेळाडूंतले बरेच जण याच धंद्यात असतात: कोच, मॅनेजर, नवे खेळाडू हेरणारे स्काउट. फेब्रुवारीच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत त्यांना हलता येत नाही. नोव्हेंबर-जानेवारीत ते मोकळे, पण तेव्हा उत्तरेकडच्या गावात मैदानावर बर्फ. म्हणजे हिवाळ्यात हॉटेलातलं जेवण किंवा उन्हाळ्यात मैदानावरचा मेळावा, यांतलं एक निवडायचं. माझं मत उन्हाळ्याच्या बाजूने आहे. कोच मंडळी नाही आली तर नाही आली. त्यांना बेसबॉल रोज भेटतो. ज्याने तेविसाव्या वर्षी मैदान सोडलं आणि पुढं आयुष्यभर विमा विकला, त्याला डगआउटमध्ये, मैदानाकडेच्या खेळाडूंच्या बाकावर, बसायला मिळालं पाहिजे.

त्यासाठी सध्याचं वेळापत्रक सोयीचं आहे. २०२१पासून मायनर लीगमध्ये साधारणपणे एकाच प्रतिस्पर्ध्याशी मंगळवार ते रविवार सहा सामने होतात आणि सोमवारी सुट्टी असते. यजमान संघ घरी असेल तो रविवार धरावा. त्या दिवशी सामन्याआधी पाहुण्यांना बेसलाइनवर उभं करून नावं पुकारायची आणि सोमवारी रिकामं मैदान वापरायचं. क्लबचे कर्मचारी सोमवारी सुट्टीवर असतात, त्यामुळे मैदान सांभाळणाऱ्या दोन माणसांचा जादा भत्ता खर्चात धरावा. परवानग्या बहुधा दोन लागतात, कारण पुष्कळ मैदानं नगरपालिकेची असतात आणि क्लब भाडेकरू. दोघंही विमा मागतात. अपघाताच्या जबाबदारीचा विमा काढून त्यात पालिका आणि क्लब या दोघांची नावं सहविमाधारक म्हणून घालून घ्यायची, आणि मैदानात उतरणाऱ्या प्रत्येकाकडून स्वतःच्या जोखमीवर खेळत असल्याची सही घ्यायची. हे आठवडाभर आधी सुरू केलं तर होत नाही; तीन महिने धरा.

खेळायचं तर बेतानं. बेसमधलं अंतर नियमाने ९० फूट. सत्तरीच्या माणसाला पहिल्या बेसवर पोचायचा मोह झाला की मांडीमागचा स्नायू तरी जातो नाहीतर टाचेची शीर. म्हणून बेस ६० फुटांवर आणावेत, स्लाइड (घसरत बेस गाठणं) बंद, धावायला कुणाचा तरी नातू ठेवावा. पिचरच्या माउंडपासून, म्हणजे चेंडू टाकायच्या उंचवट्यापासून, प्लेट (बॅट्समन उभा राहतो ती जागा) ६० फूट ६ इंच. चाळीस वर्षं न फिरवलेल्या खांद्याने तिथून चेंडू टाकला तर तो प्लेटच्या दहा फूट आधी टप्पा खातो, आणि दुसऱ्या दिवशी हात वर होत नाही. माउंड सोडून पुढे ४५ फुटांवर, समोर इंग्रजी ‘एल’च्या आकाराची जाळी लावून बॅटिंग प्रॅक्टिससारखं टाकावं. ही जाळी विसरायची नाही. म्हाताऱ्या माणसाचा हात मंदावतो, पण मनगट साथ देतं, आणि त्याने मारलेला चेंडू सरळ टाकणाऱ्याच्या तोंडावर येतो. प्रत्येकाला दहा चेंडू, दोन इनिंगचा लुटुपुटीचा सामना, बस्स. डगआउटमध्ये पाणी, सावली आणि हृदय बंद पडल्यास शॉक देणारं एईडी यंत्र हवं, आणि ते वापरता येणारा माणूस हवा.

जर्सीचा मामला वरवर हौसेचा वाटतो, पण भांडणं तिथेच होतात. मायनर लीगच्या संघांना बऱ्याचदा वरच्या क्लबच्या उतरलेल्या जर्सी मिळायच्या. नंबर मोजके, साइज ठरलेले. एक गेला की त्याचीच जर्सी दुसऱ्याच्या अंगावर. त्यामुळे एका हंगामात १४ नंबर तिघांनी घातलेला असतो आणि तिघांनाही तो स्वतःचाच वाटतो. तिघांनाही १४च द्यावा. साइज फोनवर न विचारता कार्डावर लिहून घ्यावी. फोनवर प्रत्येक जण दोन साइज बारीक असतो. १९७०च्या आधीचा संघ असेल तर जर्सी लोकरी फ्लॅनेलची होती, नंतर ताणल्या जाणाऱ्या कापडाची आली. चुकीचं कापड जुना खेळाडू बोटांनी चाचपून ओळखतो. क्लब चालू असेल तर टोपीवरच्या चिन्हाची लेखी परवानगी लागते, आणि क्लब बंद पडला म्हणून चिन्ह मोकळं झालं असं समजू नये.

यजमान कुटुंबं तर हमखास विसरली जातात. मेजर लीगने खेळाडूंच्या राहण्याची सोय क्लबांवर बंधनकारक केली ती २०२२च्या हंगामापासून. त्याआधी कितीतरी पोरं गावातल्या कुणाच्या तरी तळघरातल्या खोलीत राहायची. पगार अगदी तुटपुंजा: २०२०पर्यंत सिंगल-एत आठवड्याला किमान २९० डॉलर, तेही फक्त हंगामापुरते. त्या घरच्या बाईने रात्री साडेअकराला अंडी तळून घातली म्हणून हंगाम निभावलेले लोक आहेत. खेळाडूंचे नवे पत्ते बहुधा याच बाईकडे असतात, कारण नाताळची कार्डं तिला येत राहतात. फोटोही तिच्याकडेच: क्लबच्या फोटोत नसलेला तो अकरा दिवसांचा पिचर तिच्या अंगणात कपडे वाळत घालताना सापडतो. बसचा ड्रायव्हर, क्लबहाउसमध्ये कपडे धुणारा, बॅटी उचलून देणारा बॅटबॉय, स्कोअरर यांनाही पत्रं जावीत. बॅटबॉय तेव्हा बारा वर्षांचा होता. सगळ्यांत तरुण तोच, आणि सगळ्यांची नावं त्यालाच आठवतात.

ज्या मॅनेजरने सोडून दिलं, त्याला बोलवावं का? बोलवावं. पण यादीत त्याचं नाव आधीच छापावं, म्हणजे ज्याला नको असेल तो ठरवू शकेल. सोडून देण्याची रीत साधी आणि क्रूर असते. सकाळी लॉकरपाशी निरोप येतो, ‘साहेबांनी बोलावलंय’, आणि दुपारच्या गाडीचं तिकीट हातात पडतं. निरोपाचं जेवण नाही, शेकहँड झाले तर झाले. बऱ्याच जणांच्या मनात ती पाच मिनिटं अडकून राहिलेली असतात. मॅनेजरकडेही दुसरी बाजू असते. निर्णय वरून आलेला असायचा, तो फक्त सांगायचा. हे बोलणं सभागृहात होत नाही. त्यासाठी हॉटेलात एक खोली रात्री बारापर्यंत उघडी ठेवायची, खुर्च्या, बर्फ, बिअर आणि जुनी कात्रणं. खर्चात कुठेही हात आखडा, या खोलीत नको. हॉटेलच्या करारात मात्र डोळे उघडे ठेवा. वीस खोल्या अडवल्या आणि बाराच भरल्या, तर करारातल्या टक्केवारीप्रमाणे रिकाम्या खोल्यांचे पैसेही बसतात. आधी दहा अडवा, वाढवायची सोय लिहून घ्या, आणि तळमजल्याच्या खोल्या मागा.

आणि मानपान. दर संघात एखादा असतो, ज्याने वर जाऊन नाव काढलेलं असतं. तो येणार म्हटलं की स्थानिक वार्ताहर येतात, सह्यावाले येतात, आणि बाकीचे पंधरा जण पार्श्वभूमी होतात. सह्यांचा कार्यक्रम वेगळा, तासाभराचा, सगळ्यांचा मिळून ठेवावा. जेवण बंद दाराआड. छातीवरच्या कार्डावर मोठ्या अक्षरात नाव, टोपणनाव, जागा आणि संघात असलेले महिने लिहावेत. पुढे कुठवर पोचला ते लिहू नये.

१९८१ची पॉटकेट-रॉचेस्टर लढत आठवावी. १८ एप्रिलच्या रात्री सुरू झालेला हा ट्रिपल-एचा सामना पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी ३२ इनिंगनंतर २-२ असा थांबवला, तेव्हा प्रेक्षकांत १९ जण उरले होते. थंडी इतकी की खेळाडूंनी मोडक्या बॅटी जाळून हात शेकले. रॉचेस्टरकडून कॅल रिपकन, पॉटकेटकडून वेड बॉग्ज. दोघंही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, बेसबॉलच्या थोरांच्या दालनात, गेले. २३ जूनला खेळ पुन्हा सुरू झाला आणि ३३व्या इनिंगमध्ये, अवघ्या १८ मिनिटांत, संपला. विजयी फटका डेव्ह कोझाचा. त्या सामन्यात त्याचे १४ प्रयत्नांत ५ हिट, रिपकनचे १३ प्रयत्नांत २. कोझा मेजर लीगमध्ये एकदाही खेळला नाही. मैदानावर कोण कुठे होतं, हे त्या दिवसाच्या स्कोअरवरून ठरतं. कार्डावर तेवढंच असावं.

पैशाचा विषय चारचौघांत काढू नये, पण टाळूही नये. आपल्याकडे रणजी खेळलेल्याला सामन्यांची अट पुरी केली की बीसीसीआयचं निवृत्तिवेतन मिळतं. मेजर लीगच्या निवृत्तिवेतनासाठी ४३ दिवस वर काढावे लागतात. आयुष्य मायनरमध्ये घालवलेल्या जुन्या माणसाला त्यातलं काही नाही. म्हणून प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये, मुद्दाम कुणाच्या हातात न देता, दोन संस्थांची माहिती घालावी: १९२४पासून चालू असलेली असोसिएशन ऑफ प्रोफेशनल बॉल प्लेयर्स आणि १९८६ची बेसबॉल असिस्टन्स टीम. दोन्ही मायनर लीगवाल्यांनाही मदत करतात. प्रवासखर्च न झेपणाऱ्यासाठी वेगळा निधी असावा आणि त्याचा हिशेब एकाच माणसाला माहीत असावा.

आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या तर दोघादोघांना एकत्र बसवावं. एकटा माणूस भाषण करतो. दोघं बसले की एक म्हणतो होमरन ४५० फूट गेला, दुसरा म्हणतो, अरे कुंपणाला लागून आत पडला होता. स्कोअरशी ताडायचं ते घरी गेल्यावर, टेबलावर नाही. कात्रणं आणि फोटो तिथल्या तिथे स्कॅन करून मूळ प्रत लगेच परत द्यावी, ‘नंतर पाठवतो’ म्हणून घेतलेलं परत जात नाही. एक प्रत गावच्या वाचनालयाला, एक कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेम लायब्ररीला विचारून पाठवावी.

पंचविसाव्या वर्षीचा मेळावा फसण्याची शक्यता जास्त, कारण तेव्हा सगळे नोकरी आणि पोरांच्या फीमध्ये अडकलेले असतात. चाळिसावं वर्ष उत्तम. त्यानंतर मात्र पाच वर्षांची दरी ठेवू नये, दोन वर्षांवर यावं. यादी दोघांकडे असावी आणि त्यातला एक जण खेळाडू नसावा. तो बॅटबॉय असला तर फारच बरं.